पथ्याचा पहिला दिवस, तिसऱ्यांदा

बजाजनगरात येसराचं घर विचारलं तर कुणीही हात लांब करून सत्यभामाचं दार दाखवतं. येसर म्हणजे आपल्याकडच्या लग्नातल्या आमटीचा जीव. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, खोबरं असं एकेक वेगळं भाजायचं, दळून आणायचं आणि उकळत्या फोडणीत सोडायचं. ऐकायला सोपं आहे. पण डाळ जरा कच्ची राहिली तर आमटी पिठूळ लागते, आणि जरा करपली तर अख्खी पंगत यजमानाच्या नावानं बोटं मोडते. सत्यभामाची डाळ वीस वर्षांत कच्ची राहिली नाही की करपली नाही. हा हात तिला सासूकडून, पिशोरच्या वच्छलाबाईंकडून आला, आणि ती हे कधी लपवत नाही.

नवरा रामकिसन वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर, मुलगी प्रेरणा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. सगळं बरं चाललेलं असताना सत्तेचाळिसाव्या वर्षी सत्यभामाच्या अंगाला काहीतरी सोसेनासं झालं. आधी नुसत्या गांधी उठायच्या. मग ओठ सुजायला लागला. आणि उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात दुसऱ्यांदा, तिचा गळाच आवळला. दुसऱ्या वेळी शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या श्वासाची शिट्टी वाजत होती. ती शिट्टी घरातल्या कुणाच्याच कानातून अजून गेलेली नाही.

सिडकोतल्या ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "दोनदा वाचलात. तिसऱ्यांदा दवाखाना गाठेपर्यंत गळा उघडा राहीलच असं नाही. तुम्ही खाता त्यातलंच काहीतरी आहे. ते शोधायचं."

रक्ताच्या तपासणीत चार-पाच नावं अर्धवट आली होती. त्यातलं खरं कोणतं ते पथ्यानंच कळणार होतं. एकवीस दिवस फक्त भात, मुगाचं वरण, दुधी, दोडका, मीठ, हळद, तेल. अंग साफ झालं की एकेक पदार्थ परत आणायचा, आणि संशयातले सगळे दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. संशयितांच्या यादीत दूध होतं, गहू होता, अंडं होतं, शेंगदाणा होता आणि हरभरा होता. सत्यभामानं यादी वाचली आणि मनातल्या मनात हात जोडले. दूध निघू दे, अंडं निघू दे, काहीही निघू दे, पण हरभरा नको. हरभरा निघाला तर येसर कुठला?

"काम काय करता?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"काय नाय. घरीच असते."

एका हंगामात शंभरावर लग्नांच्या आमट्या उभ्या करणारी बाई म्हणे घरीच असते! आपल्या बायांना ही खोडच आहे, स्वतःच्या कामाला काम म्हणायला जीभ रेटत नाही. या एका वाक्यानं पुढं केवढा घोळ घातला ते बघा.

पथ्य सुरू झालं ते पितृपक्षात. लग्नं नव्हती, म्हणून भाजणंही नव्हतं. प्रेरणानं एक वही केली आणि आईला बजावलं, तोंडात जे जाईल ते इथं लिहायचं, पाण्याशिवाय सगळं. पहिले चार दिवस सत्यभामा भाताकडं बघून रडली. आठव्या दिवशी गांधी विरळ झाल्या. बाराव्या दिवशी अंग स्वच्छ. रामकिसन सुद्धा तिच्यासोबत दुधी खायला लागला, आणि तो माणूस लग्नानंतर पंचवीस वर्षं दुधीला शिवला नव्हता. आता चारच दिवस राहिले, असं ती म्हणाली, आणि सतराव्या दिवशी तिला ताप भरला.

चिकनगुनिया. सांधे असे धरले की पाण्याचा पेला उचलायला दोन हात लागायचे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. प्रेरणाची परीक्षा सुरू होती. वही उशीखाली गेली ती तिथंच राहिली. आणि आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जाऊ नये ही आपली रीत. गल्लीतल्या बाया यायच्या, कुणी टोस्ट, कुणी खारी, कुणी दुधातला शिरा. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंगती सांभाळल्या तिला "मला चालत नाही" म्हणण्याचीही ताकद नव्हती. समोर येईल ते ती गिळायची.

पाचव्या दिवशी पिशोरहून वच्छलाबाई आल्या. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. सुनेचं तोंड बघितलं आणि पदर खोचून थेट ओट्याशी उभ्या राहिल्या. नवव्या दिवशी त्यांनी येसराची आमटी केली आणि बाजरीची भाकरी कुस्करून दिली.

"आत्या, हे पथ्याला..." सत्यभामा क्षीणपणे म्हणाली.

"खा गं. जीव ऱ्हायला तर पथ्य."

तिनं खाल्लं. वाटी चाटूनपुसून खाल्ली. मग श्वास धरून पडून राहिली, गळ्यावर हात ठेवून. अर्धा तास झाला, तास झाला. काही झालं नाही. ना गांध उठली, ना ओठ सुजला. दुसऱ्या दिवशी पिठलं खाल्लं. तरी काही नाही.

"म्या म्हनलं नव्हतं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "तापानं समदं जाळून काढलं बघ."

सत्यभामाला हे इतकं पटलं की तिनं देवाजवळ दिवा लावला. ताप उतरला, सांधे मात्र दुखत राहिले, म्हणून कोपऱ्यावरच्या गोळ्या चालू राहिल्या. महिनाभर ती सगळं जेवली. दिवाळीचे बेसनाचे लाडू तिनं स्वतः वळले आणि स्वतः खाल्ले. दुधी घरात आला की हसायची. पथ्याची वही रद्दीत टाकायला निघाली होती, तेवढ्यात प्रेरणानं ती हातातून घेतली.

परीक्षा संपल्यावर पोरगी गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करून बघत होती. एका पाकिटाशी ती थांबली. "आई, ही स्टिरॉइडची गोळी आहे. अंगावरचं सगळं दाबून टाकते ही. आपण मॅडमना दाखवू."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट बघितलं आणि खुर्चीला टेकून बसल्या. "तुम्ही बऱ्या झाला नाहीत. रोग झाकला गेला होता. हा महिना धरायचाच नाही. गोळी मी सांगते तशी हळूहळू कमी करू, आणि पुन्हा पहिल्यापासून."

"सतरा दिवस झाले व्हते की माझे. चारच ऱ्हायले व्हते."

"ते गेले."

सत्यभामाला इतका संताप आला की तिला त्या बाईच्या टेबलावरचं सगळं खाली ढकलून द्यावंसं वाटलं. पहिल्यांदा उपाशी राहताना माणसाला उमेद असते. दुसऱ्यांदा त्याला फक्त आठवत असतं. कसं लागतं भाताचं नुसतं पाणी, कसा नाकात बसतो शेजारच्या फोडणीचा वास.

गोळी सुटली आणि आठवडाभरात गांधी परत उठल्या. तेव्हा तिनं गुमान वही मागून घेतली आणि नव्या पानावर लिहिलं, दिवस एक.

तुळशीचं लग्न लागलं तसा माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू झाला. येसराच्या ऑर्डरी आल्या. सांधे अजून कुरकुरत होते म्हणून वच्छलाबाई राहिल्या होत्या. त्या स्वयंपाक करायच्या आणि सत्यभामा दुपारभर अंगणातल्या मोठ्या कढईपाशी बसायची. आपण खात नाही, नुसतं भाजतो, यात काय बिघडतं, असा तिचा हिशोब. धूळ उडते म्हणून दळण रामकिसन आणायचा. वच्छलाबाईंना ते बिनचवीचं वरण करताना लाज वाटायची. "चिमूटभर येसर टाकला तर काय व्हतंय? मसालाच त्यो," एवढं एकदा त्या बोलून गेल्या.

सहा दिवस झाले, सात झाले, अंग साफ व्हायचं नाव घेईना. नवव्या दिवशी संध्याकाळी सत्यभामा आरशासमोर गेली तर खालचा ओठ एका बाजूला सुजून लोंबत होता. प्रेरणानं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली ॲलर्जीची गोळी दिली, रामकिसननं शेजाऱ्याची गाडी दाराशी आणून उभी केली, आणि सगळे तिच्या गळ्याकडं बघत बसले. सगळ्यांचे कान त्या शिट्टीकडं होते. तासाभरानं सूज थांबली. गाडी परत गेली.

मग सत्यभामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, वरणात काय टाकलं?"

"मीठ. हळद. आन काय टाकू?"

"खरं सांगा."

"खरंच सांगायले."

"तुमीच म्हनल्या व्हत्या, चिमूटभरानं काय व्हतंय म्हनून."

"म्हनले व्हते. टाकला नाय."

"मग ह्यो ओठ काय वाऱ्यानं सुजला? वहीत बघा, भात, मूग आन दुधी. दुसरं काय गेलंच नाय माझ्या तोंडात. खोटं बोलू नका आत्या. मला मारायचंय का तुमाला?"

रामकिसन "अगं, अगं" करत मध्ये आला, पण शब्द सुटून गेला होता. वच्छलाबाईंनी हातातलं पातेलं विसळलं, पालथं घातलं, फडकं पिळून दोरीवर टाकलं. पंचवीस वर्षांत या दोघींचं भांडण झालं नव्हतं असं नाही, पण आजवर खोटेपणाची गोष्ट निघाली नव्हती. सकाळी त्यांनी पिशवी भरली. "मला कन्नडच्या गाडीत बसवून दे, तिथून पिशोरला जाते मी," एवढंच मुलाला म्हणाल्या. सुनेकडं बघितलं नाही.

सत्यभामानं वहीत पुन्हा लिहिलं, दिवस एक. तिसऱ्यांदा. आता स्वयंपाक ती स्वतः करायची, मीठसुद्धा नवं आणलं, भांडी वेगळी काढली. पाचव्या दिवशी दंडावर गांध उठली. सहाव्या दिवशी पाठभर.

आता घरात बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं, आणि त्यामुळं ती पुरती घाबरली. भातच असेल का? मूगच असेल? मग माणसानं खायचं तरी काय? तिनं पाणी उकळून प्यायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई फोनवर पुन्हा पुन्हा विचारायच्या, अजून काय जातं पोटात, आठवून बघा, आणि ती शपथेवर सांगायची की काही नाही.

त्या रविवारी दुपारी अंगणात कढई तापली होती. सत्यभामा हरभऱ्याची डाळ हलवत होती आणि प्रेरणा समोर पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. मध्येच पोरगी पानावरची नजर काढून आईकडं बघायला लागली. बघतच राहिली.

"आई, तोंडात काय आहे?"

"काय नाय."

"आई, तोंड उघड."

"काय नाय गं, येडी हायेस का..." असं म्हणता म्हणता सत्यभामाची जीभ दाढेशी गेली आणि ती थांबली. तिनं ओंजळीत थुंकलं. अर्धी डाळ होती. दुसरी अर्धी कुठं गेली हे सांगायला नको.

डाळ झाली का नाही हे भाजणारी बाई डोळ्यांनी ठरवत नाही. रंग फसवतो. ती एक दाणा उचलून दाताखाली धरते. कटकन वाजला तर झाली, चिवट लागला तर अजून हलवायची. एका घाण्याला पाच-सहा दाणे, दिवसाला असे दहा घाणे. सत्यभामा हे वीस वर्षं करत होती, आणि हात जसा आपसूक डोळ्यावरची माशी उडवतो तसा तिचा हात कढईतून तोंडाकडं जात होता. हे खाणं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसलाच प्रकार. पितृपक्षात अंग साफ झालं होतं, कारण तेव्हा कढईच चढली नव्हती.

"आजीनं काही टाकलं नव्हतं," प्रेरणा हळूच म्हणाली.

सत्यभामानं गॅस बंद केला आणि डाळ तशीच कढईत गार होऊ दिली. तिला स्वतःची अशी लाज वाटली की पोरीच्या तोंडाकडं बघवेना. मघाशी "काय नाय" म्हणाली होती ते तिनं अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि सासूनं मनापासून म्हटलेल्याला तिनं खोटं ठरवलं होतं.

फोन लावायचा होता. तिनं दोनदा हातात घेतला. काय म्हणायचं? चुकलं म्हणायचं. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईला ते एवढंसं वाक्य खडकासारखं जड होतं. आधी नक्की तर होऊ दे, असं तिनं स्वतःला सांगितलं. दवाखान्यात सिद्ध झालं की बोलू. माणूस माफी मागणं टाळायला काय काय मुहूर्त शोधतो!

डॉक्टरीणबाईंना फोनवर सगळं सांगितलं. "मी तुम्हाला काम विचारलं होतं," त्या म्हणाल्या. आता कढईच्या जवळसुद्धा जायचं नाही, आणि दिवस पुन्हा एकपासून. ऑर्डरी परत गेल्या. एका सुट्टीच्या दिवशी रामकिसननं हौसेनं डाळ भाजायला घेतली आणि पाच किलो करपवली. सत्यभामा घरातून खिडकीतून ओरडत होती आणि धूर बघून रडत होती. पण अंग दिवसेंदिवस साफ होत गेलं. बाराव्या दिवशी एक गांध नाही. विसाव्या दिवशी एक नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला भीती वाटत होती, कारण आता उत्तर अगदी दाराशी आलं होतं.

दवाखान्यातल्या तपासणीचा दिवस ठरला. रामकिसनला सुट्टी मिळाली नाही म्हणून प्रेरणाच सोबत गेली. आत पाऊल टाकलं तर बाकड्यावर वच्छलाबाई बसलेल्या. मांडीवर पिशवी, पायांवर प्रवासाची धूळ. सत्यभामानं प्रेरणाकडं बघितलं. "मी तारीख कळवली होती," पोरगी म्हणाली.

"आत्या, कवा आल्या?"

"आत्ताच." एवढंच. दोघींच्या मध्ये एक रिकामी जागा राहिली, प्रेरणा तिथं बसली.

आत बोलावलं तेव्हा वच्छलाबाईही न विचारता मागोमाग आल्या आणि भिंतीपाशी उभ्या राहिल्या. नर्सनं हाताला सुई लावून ठेवली, शेजारी इंजेक्शन भरून ठेवलं. वाटीत शिजवलेली हरभऱ्याची डाळ होती. आधी फक्त चमच्याच्या टोकावर. पंधरा मिनिटं. काही नाही. मग पाव चमचा. सत्यभामा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. काही नाही. तिच्या मनात वेडी आशा उठली, नसेलच हरभरा, शेंगदाणा असेल, दूध असेल. मग एक पूर्ण चमचा. सहाव्या मिनिटाला तिच्या वरच्या ओठात मुंग्या आल्या.

तिनं सांगितलं नाही. अर्धं मिनिट ती ओठ मिटून बसून राहिली, जणू न सांगितल्यानं ते होणारच नव्हतं. पण भिंतीपाशी उभ्या असलेल्या म्हातारीची नजर तिच्या तोंडावर होती.

"बाई, हिचा व्हट बघा," वच्छलाबाई ओरडल्या.

पुढं सगळं भराभर झालं. मांडीत इंजेक्शन, तोंडावर मास्क, प्रेरणाचा घट्ट धरलेला हात. गळा आवळायला लागला होता, शिट्टी येऊ बघत होती, आणि मग हळूहळू तो सैल पडला. सत्यभामाला कळलं की आपण जगलो, आणि त्याच क्षणी कळलं की आपला येसर गेला. दोन्हींचं रडू एकदमच आलं.

"हरभरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता शंका नाही. कणसुद्धा पोटात जाऊ द्यायचा नाही. येसर तुम्ही लांब बसून करवून घ्या, हात दुसऱ्याचे असू द्या." त्या टेबलाशी जाऊन कागदावर लिहायला लागल्या.

वच्छलाबाई पुढं झाल्या. "बाई, त्या कागदावर अजून एक वळ लिहा."

"काय लिहू, आजी?"

"की सासूनं काय चारलं नव्हतं. तुमच्या सहीनं लिहून द्या. लेकाला दाखवायचंय मला." त्यांचा आवाज साधा होता. त्या एवढ्यासाठीच दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

सत्यभामानं तोंडावरचा मास्क ओढून काढला. नर्स नको म्हणत होती. ओठ इतका जड झाला होता की शब्द तुटून पडत होते, तरी ती बोलली, सगळ्यांसमोर बोलली. "आत्या, तुमी नाय. मीच खात व्हते. डाळ झाली का बघायला दाणा चावत व्हते कढईतला. मला तीन हप्ते झाले ठाऊक हाय. तुमाला सांगितलं नाय मी."

वच्छलाबाई सुनेच्या सुजलेल्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग डॉक्टरीणबाईंकडं वळून म्हणाल्या,

"मग नका लिहू, बाई. दाणा चावून बघायला हिला म्याच शिकवलं."